नाताळच्या गोधडी टोपीसाठी वॉकिंग फूट : कुठे लावावा, कुठे काढून ठेवावा

घरगुती शिवणयंत्राला लावायचा साधा, कुठल्याही खास कंपनीचा नसलेला लो-शँक (आखूड दांडीचा) वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही खालच्याबरोबर सरकवणारा दाबपाय, बाजारात साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. एका फूटसाठी ही रक्कम थोडी नाही, म्हणून घेण्याआधी तो नेमकं कोणतं काम करतो आणि कोणतं करत नाही हे माहीत हवं. या परीक्षणासाठी काम निवडलं आहे ते नाताळबाबाच्या टोपीचं. लाल-हिरव्या-पांढऱ्या सुती चौकोनांची, आत वॅडिंग (मऊ भरणाचा थर) घालून आरपार टिपा मारलेली, खाली पांढरी पट्टी आणि टोकाला गोंडा असलेली ही टोपी. लहान असली तरी तिच्यात सपाट गोधडी, उरेब (कापडाच्या विणीला तिरप्या) टिपा, जाड बाजूशिवण, निमुळतं टोक, गोल घेर आणि केसाळ पट्टी हे सगळं येतं. फूटचे गुण आणि मर्यादा एकाच वस्तूत दिसून येतात.

निष्कर्ष आधीच सांगते. आरपार टिपांसाठी आणि बाजूच्या शिवणीसाठी हा फूट उत्तम आहे. चौकोन जोडायला, टोकाला आणि पांढऱ्या पट्टीला तो लावू नये. आत पॉलिएस्टर वॅडिंगऐवजी जुनी सुती साडी घालणार असाल तर त्याच्यावाचूनही टोपी चांगली होते.

फूट काम कसं करतो

साध्या मशीनमध्ये कापड पुढे नेणारे दाते फक्त खाली असतात. ते सर्वांत खालचं कापड ओढतात आणि वरचा फूट नुसता दाबून धरतो. दोन पातळ कापडं असतील तर एवढं पुरतं. मध्ये मऊ वॅडिंग आलं की खालचं कापड दात्यांबरोबर जातं, वरच्या कापडाला फूटचा अडथळा होतो आणि ते सुईपुढे साचत जातं. टिपेच्या शेवटी वरचं कापड खालच्यापेक्षा पुढे आलेलं दिसतं, आणि आडवी टीप आधीच्या टिपेला छेदते तिथे चुणी पडते.

वॉकिंग फूटला स्वतःचे वरचे दाते असतात. त्याच्या बाजूला एक फाटा असतो, तो सुईच्या पेचावर बसतो. सुई खाली गेली की फाटाही खाली येतो, वरचे दाते कापडावरून उचलले जातात आणि पुढची पकड घ्यायला सरकतात. सुई कापडातून वर आली की फाटा उचलला जातो, वरचे दाते कापडावर टेकतात आणि वरचे-खालचे दाते मिळून तिन्ही थर एकाच मापाने मागे नेतात. फूट चालताना टकटक आवाज येतो तो या हालचालीचा. तो बिघाड नव्हे.

खरेदी केल्यावर पहिल्याच दिवशी एक चाचणी करून पाहा. बारा इंच लांब आणि दोन इंच रुंद अशा दोन सुती पट्ट्या घ्या, मध्ये वॅडिंग ठेवा, टाचण्या न लावता साध्या फूटने मधोमध टीप मारा. वरची पट्टी शेवटी एक-दोन सूत पुढे आलेली दिसेल. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) मग तशाच दुसऱ्या पट्ट्यांवर वॉकिंग फूटने टीप मारा. टोकं जुळली नाहीत तर एक तर फाटा पेचावर बसलेला नाही किंवा फूट सदोष आहे. दोन्ही गोष्टी टोपीचं कापड कापण्याआधी कळलेल्या बऱ्या.

तुमच्या मशीनला बसेल का

फूट खाली टेकवा आणि फूट बसवायच्या पेचाच्या मध्यापासून तळापर्यंतचं अंतर मोजा. ते पाऊण इंचाच्या आसपास असेल तर मशीन लो-शँक आहे. सव्वा इंचाजवळ असेल तर हाय-शँक, आणि त्याचा फूट वेगळा मिळतो. उषा-जानोमे, ब्रदर आणि सिंगरची हल्लीची घरगुती झिगझॅग मशीनं बहुतेक लो-शँक आहेत. जुन्या तिरप्या दांडीच्या सिंगर मशीनला हा फूट चालत नाही. बर्निनाची फूट बसवण्याची पद्धत स्वतःची असल्यामुळे तिथे कंपनीचाच फूट किंवा अडॅप्टर लागतो. फाफच्या ज्या मशीनांत आयडीटी आहे, त्यांना वेगळ्या फूटची गरजच नाही. ती सोय कंपनीने १९६८ मध्ये आणली, आणि तिच्यात वरून कापड ओढणारी पट्टी मशीनच्या मागेच बसवलेली असते. परदेशातून जुनी फाफ आणलेल्यांनी हजार रुपये घालवण्याआधी मशीनच्या मागे पाहून घ्यावं.

आपल्याकडच्या काळ्या, फक्त सरळ टीप मारणाऱ्या मशीनांपैकी बऱ्याच लो-शँक असतात. फूट वर चढतो, पण सुईचा पेच कोणत्या बाजूला येतो हे बघावं लागतं. फाट्याला टेकायला उजवीकडे पेच नसेल तर वरचे दाते हलणार नाहीत. मग हा फूट साध्या फूटपेक्षाही वाईट चालतो, कारण जड असतो आणि कापड अडवतो.

बसवताना सुई आणि फूटची दांडी दोन्ही वर घ्या. खटक्याने लागणारा छोटा फूट तेवढा काढून भागत नाही, तो ज्याला लागतो तो धारकही पेच सोडवून काढायचा. फाटा सुईच्या पेचावर घ्या, फूट दांडीला लावा आणि पेच स्क्रूड्रायव्हरने आवळा. हाताने आवळलेला पेच कंपनाने सैल होतो, फूट एका बाजूला खचतो, सुई त्याच्या धातूवर आदळते आणि मोडते. म्हणून मोठ्या कामात बॉबिन बदलताना दर वेळी पेच तपासायचा. मशीन चालू करण्याआधी चाक हाताने फिरवून चार-पाच टाके घाला. वरचे दाते हलताना दिसले पाहिजेत.

टोपीचं माप, आणि बहुतेकांची टोपी घट्ट का होते

मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साडेबावीस इंच धरू. गोधडीच्या टोपीला हा घेर तसाच घेतला तर ती डोक्यात शिरत नाही. तिन्ही थरांची जाडी आतल्या बाजूने जागा खाते. थर मिळून ४ मिलिमीटर जाड असतील तर आतला घेर बाहेरच्यापेक्षा जाडीच्या सव्वासहा पट, म्हणजे २५ मिलिमीटर कमी होतो. हा सरळ एक इंच झाला. शिवाय डोक्याला मोकळीक म्हणून अर्धा इंच. बाहेरचा तयार घेर २४ इंच. जाड वॅडिंगमुळे थर ६ मिलिमीटरचे झाले तर इंचाऐवजी दीड इंच वाढवा. लहान मुलासाठी डोकं साडेवीस इंच असेल तर तयार घेर २२.

दोन पॅनलची टोपी करायची. कागदावर वरच्या एका बिंदूवर १८ इंच दोरीचं टोक धरून कमान काढा, कमानीवर टेप वळवत १२ इंच मोजा, दोन्ही टोकं वरच्या बिंदूला जोडा. हा झाला मायेशिवाय (शिवणीसाठी कडेला सोडायच्या जादा कापडाशिवाय) एक पॅनल. तळाची कमान मध्यभागी सरळ रेषेपेक्षा एक इंच खाली येते. ती टाळून सरळ रेषेचा त्रिकोण कापला तर टोपी घातल्यावर दोन्ही कानांवर शिवणींची टोकं खाली लोंबतात. मग पांढरी पट्टी कितीही नीट लावली तरी वाकडीच दिसते. बाजूंना आणि तळाला तीन-तीन सूत माया द्या. मुलाच्या टोपीला दोरी १६ इंच आणि कमान ११.

कागदावर पॅनलचा मधला उभा अक्षही आखून ठेवा. पुढे लागतो.

कापड

अडीच इंचाचे १०० चौकोन लागतात. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून अडीच इंचाच्या एका आडव्या पट्टीत १७ चौकोन बसतात, म्हणजे सहा पट्ट्या. पाच-सहा रंगांचं पाव-पाव मीटर सुती कापड घेतलं तरी उरतं. मंगलदास मार्केट किंवा तुळशीबागेत कटपीस शोधले तर स्वस्तात भागेल. सुती पॉपलिन, केम्ब्रिक आणि ब्लॉकप्रिंट चांगलं. खणाचं लाल-हिरवं कापड या टोपीत देखणं दिसतं, फक्त त्याच्या कडा लवकर सुटतात आणि ते सरकतं. त्याच्या मागे पातळ फ्युजिंग इस्त्रीने चिकटवून मगच चौकोन कापा.

लाल कापडाचा रंग तपासल्याशिवाय पांढऱ्याशेजारी लावू नका. ओल्या पांढऱ्या फडक्यावर लाल तुकडा ठेवून वरून इस्त्री फिरवा. फडक्याला गुलाबी डाग पडला तर कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन घ्या. नाताळच्या टोपीत लाल आणि पांढरा शेजारीच येतात, आणि एकदा उतरलेला रंग पांढऱ्या चौकोनातून जात नाही.

झाडं, घंटा, हरीण असं सरळ-उलट असलेलं छापील कापड असेल तर एक अडचण आहे. कापड वाचावं म्हणून दोन्ही पॅनल एकाच जोडलेल्या तुकड्यातून शेजारीशेजारी कापतो, एक सरळ आणि एक उलटा. दुसऱ्या पॅनलवरची झाडं मुळं वर करून उभी राहतात. असं कापड असेल तर दोन वेगळे तुकडे जोडा, प्रत्येकी सात गुणिले दहा चौकोनांचे. चौकोन १०० ऐवजी १४० लागतील.

चौकोन जोडताना वॉकिंग फूट नको

इथे माया बरोबर दोन सूत, म्हणजे पाव इंच लागते. वॉकिंग फूटचा तळ रुंद असतो. त्याच्या कडेवरून पाव इंचाचा अंदाज येत नाही आणि सुरुवातीचे टाकेही नीट दिसत नाहीत. साधा फूट लावा, सुईपासून पाव इंचावर मशीनच्या पत्र्यावर मास्किंग टेप चिकटवा आणि तिला धरून शिवा. टाका २ ते सव्वादोन मिलिमीटर. प्रत्येक शिवणीत एक मिलिमीटर माया जास्त गेली तर ती दोन्ही बाजूंनी जाते. दहा चौकोनांच्या रांगेत नऊ शिवणी असतात, तेव्हा १८ मिलिमीटर, जवळजवळ पाऊण इंच तुकडा आखूड होतो आणि पॅनल बसत नाही.

पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या रांगेची माया डावीकडे इस्त्री करा, दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या रांगेची उजवीकडे. रांगा जोडताना समोरासमोरच्या माया एकमेकींत अडकून बसतात आणि चौकोनांचे कोपरे आपोआप जुळतात. सगळ्या माया एकाच दिशेने दाबल्या तर कोपऱ्यावर गाठ येते, आणि पुढे आरपार टीप नेमकी त्याच कोपऱ्यावरून जाते.

तयार तुकडा साडेवीस इंच चौरस भरला पाहिजे.

आरपार टिपा : फूटचं खरं काम

आतलं कापड आणि वॅडिंग २३ इंच चौरस कापा. आतलं कापड मऊ सुती घ्या, कारण तेच अस्तर होणार आहे. वेगळं अस्तर लावलं की घेर पुन्हा कमी होतो, आणि मुंबई-वसईच्या डिसेंबरात तेवढी ऊब कोणाला नको असते. वॅडिंग गादी-रेक्झिनवाल्यांकडे जीएसएमवर (दर चौरस मीटरच्या ग्रॅम वजनावर) मिळतं. टोपीला १०० जीएसएमपर्यंतचं पुरे. २०० चं घेतलं तर टोपी काठीसारखी ताठ उभी राहते, तिचं टोक झुकत नाही आणि बाजूच्या शिवणीला मशीन कुरकुरतं.

थर एकमेकांवर नीट पसरून दर चार इंचांवर सेफ्टी पिन लावा किंवा कच्चा धावदोरा घाला. वॉकिंग फूट आहे म्हणून ही पायरी गाळता येत नाही. फूट थर सरकू देत नाही, पण आधीच झोळ पडलेलं कापड तो सरळ करत नाही. पिनांच्या बाबतीत एक काळजी घ्या. या फूटचा तळ मोठा असल्यामुळे पिन त्याच्या दात्यांत अडकते आणि कापड फाटतं. फूट दोन इंचांवर आला की पिन काढायची.

सुई ९०/१४, दोरा चांगला सुती किंवा तीनपदरी पॉलिएस्टर. टाका ३ ते साडेतीन मिलिमीटर. अडीचच्या खाली टाका घेतला तर फूटचा फायदा कमी होतो. वरच्या दोऱ्याचा ताण नेहमीपेक्षा अर्धा ते एक आकडा सैल करा, कारण जाड थरात घट्ट ताणामुळे खालचा दोरा वर ओढला जाऊन ठिपके दिसतात. मशीनला फूटचा दाब कमी करायची सोय असेल तर एक पायरी कमी करा.

टिपा चौकोनांच्या कोपऱ्यातून कोपऱ्यात, तिरप्या. दहा गुणिले दहाच्या तुकड्यावर एका दिशेच्या १९ टिपा होतात आणि दोन टिपांतलं अंतर साधारण दीड इंच राहतं. वॅडिंग जागेवर धरून ठेवायला हे पुरेसं आहे. आखणी लागत नाही, कोपरेच वाट दाखवतात. फूटबरोबर येणारी वाकडी गाइड दांडी इथे वापरायची गरज नाही, साध्या न जोडलेल्या कापडावर ती कामी येते.

तिरपी टीप म्हणजे सगळी टीप उरेबवर. सुती कापड उरेबवर ताणलं जातं, म्हणून साध्या फूटने इथे सर्वाधिक चुण्या पडतात आणि वॉकिंग फूटचा फरक इथेच सर्वाधिक दिसतो. पहिली टीप मधली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सुमारे २९ इंच. मग एका बाजूच्या सगळ्या, नंतर दुसऱ्या बाजूच्या. प्रत्येक टीप त्याच कडेपासून सुरू करा. एक टीप खालून वर आणि शेजारची वरून खाली मारली तर दोन टिपांमधलं कापड दोन दिशांनी ओढलं जातं आणि तिरक्या सुरकुत्या उमटतात. वॉकिंग फूट हा ओढा पुष्कळ कमी करतो, पण पूर्ण संपवत नाही.

वेग मध्यम ठेवा. पायाखाली मोटर पूर्ण दाबली तर वरच्या दात्यांची हालचाल सुईला गाठत नाही आणि टाके सुटतात. कापड मागून ओढू नका आणि पुढून ढकलू नका. हात फक्त दिशा द्यायला. सवयीने मागून ओढणारे वरच्या दात्यांच्या विरुद्ध काम करतात, आणि टाका कुठे २ तर कुठे ४ मिलिमीटर येतो. उलटी टीपही टाळा. बऱ्याच वॉकिंग फूटचे वरचे दाते पुढच्याच दिशेला ओढतात, रिव्हर्समध्ये थर साचतात. सुरुवात-शेवट तुकड्याच्या बाहेर वॅडिंगवर करा, ते कापून जाणारच आहे.

एवढं करूनही चुण्या दिसल्या तर याच क्रमाने पाहा : फाटा पेचावरून निसटला आहे का, फूटचा दाब जास्त आहे का, पिना दूर लावल्या आहेत का.

टिपा झाल्यावर तुकडा आकसतो. साडेवीसचा साधारण पावणेवीस इंच होतो. म्हणूनच पॅनल आधी कापून मग टिपा मारायच्या नाहीत. आधी टिपा, मग कापणी.

कापणी आणि बाजूची शिवण

कागदाचा नमुना पहिल्यांदा सरळ ठेवून खडूने आखा. आडव्या शिवणी कागदावर जिथे येतात तिथे खुणा करा. मग कागद उलटा करून शेजारी असा ठेवा की त्याच खुणा पुन्हा आडव्या शिवणींवर येतील. दोन्ही पॅनलच्या आडव्या रांगा बाजूच्या शिवणीवर जुळण्याची हीच युक्ती आहे. कागदावरचा मधला अक्ष चौकोनांच्या उभ्या शिवणीला समांतर हवा, नाहीतर एका बाजूला रांगा चढत जातात आणि दुसऱ्या बाजूला उतरतात. उभ्या शिवणी बाजूच्या शिवणीवर जुळणार नाहीत. त्यांचा हट्ट सोडा.

आखलेल्या रेषेच्या एक सूत आत टीप मारा आणि मगच कापा. आधी कापलं तर आरपार टिपांची टोकं उसवतात.

दोन पॅनल सुलट बाजू समोरासमोर ठेवून, प्रत्येक आडव्या रांगेला टाचणी लावून, वॉकिंग फूटने बाजूच्या शिवणी घाला. इथे एकूण सहा थर असतात आणि दोन वॅडिंग एकमेकांवरून घसरतात. साध्या फूटने पहिल्या दोन रांगा जुळतात आणि टोकापर्यंत जाईस्तोवर अर्ध्या चौकोनाचा फरक पडू शकतो. वॉकिंग फूटने रांगा शेवटपर्यंत जुळतात. माझ्या मते या एका शिवणीसाठी पैसे वसूल होतात.

टोकाच्या दीड इंच आधी थांबा. सुई कापडात ठेवून थांबू नका, कारण फूट बदलायचा आहे. दोरा कापा आणि साधा फूट लावा. वॉकिंग फूटचा रुंद तळ टोकाजवळ अर्धा कापडाबाहेर जातो, वाकडा होतो आणि टोक दिसत नाही. साध्या फूटने, चाक हाताने फिरवत, आधीच्या टिपेवर अर्धा इंच चढून पुढे जा. टोक अणकुचीदार करू नका. शेवटी दोन-तीन टाके आडवे घ्या, मग दुसऱ्या बाजूला वळा. अगदी टोकाशी नेलेली शिवण उलटताना गोळा होऊन बसते.

मायेतलं वॅडिंग दोन कापडांच्या मधून लहान कात्रीने टिपेपर्यंत कापून काढा, माया उघडून वर उरेब पट्टी हाताने टाचा. पॉलिएस्टर वॅडिंगवर कडक इस्त्री फिरवली तर ते वितळून कायमचं चपटं होतं. वर सुती फडकं आणि मध्यम ताप, एवढंच.

पांढरी पट्टी : फूट काढून ठेवा

पट्टीसाठी साधं फ्लीस सर्वांत सोपं. साडेतीन इंच रुंद आणि पावणेपंचवीस इंच लांब, तीन सूत माया धरून. ताण असलेली बाजू घेराभोवती यायला हवी. लांब केसांचं फर घ्यायचं असेल तर त्याला ताण नसतो, अर्धा इंच जास्त घ्या आणि कात्रीऐवजी ब्लेडने मागच्या बाजूने फक्त पाठ कापा. कात्रीने केसही कापले जातात आणि शिवण बोडकी दिसते.

पट्टीची दोन टोकं जोडून कडं करा. ते टोपीच्या आत, पट्टीची सुलट बाजू अस्तरावर टेकेल असं ठेवा, कडा जुळवून तीन सुतावर शिवा, मग पट्टी बाहेर उलटवा आणि वरची कड अर्धा इंच आत मोडून हाताने आंधळ्या टाक्यांनी टाचा. शिवण पट्टीखाली लपते.

वॉकिंग फूट इथे तीन कारणांनी चालत नाही. फरचे केस त्याच्या वरच्या दात्यांत गुंततात. बाजूच्या शिवणीपाशी थर सेंटिमीटरभर जाड होतात आणि हा फूट साध्या फूटइतका वर उचलला जात नाही, त्यामुळे कापड खाली घालतानाच ओढाताण होते. आणि घेर गोल असतो, हा फूट सरळ जाण्यासाठी आहे. साधा फूट, टाका साडेतीन, आणि जाड शिवणीवर चढताना फूटच्या मागे दुमडलेला पुठ्ठा ठेवून त्याला सपाट करायचं. तिथे चाक हाताने फिरवा.

गोंडा दोन इंचाचा, लोकरीचा. टोकाच्या आत एक बटण ठेवून त्यातून दुहेरी दोऱ्याने बांधा, नाहीतर ओढला की कापडासकट निघतो.

साडीचा पर्याय

जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी दोन घड्या करून वॅडिंगऐवजी घातली तर थर पातळ होतात, एकमेकांना धरून राहतात आणि सरकत नाहीत. घरोघरच्या गोधड्यांत हेच भरण असतं. टोपीचं टोक छान झुकतं, डोकं तापत नाही, आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला दोन तास घालून बसणाऱ्या मुलालाही ती चालते. असं भरण असेल तर साधा फूट, कमी दाब आणि दाट कच्चे टाके यांवर काम होतं. हाताने धावदोरा घातला तर थर सरकण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण सुई तिन्ही थर एकदम उचलते आणि खालून ओढणारे दातेच नसतात. फक्त जाडी कमी झाल्यामुळे घेरात एक इंचाऐवजी अर्धा इंच वाढवा.

घेताना काय तपासावं, कोणी घ्यावा

स्वस्त वॉकिंग फूट दिसायला सारखे असतात, पण आतली बांधणी सारखी नसते. फाटा बोटाने वर-खाली करून पाहा. तो अडखळता नये आणि बाजूला डुगडुगता नये. वरचे दाते पांढऱ्या प्लास्टिकचे किंवा काळ्या रबराचे असतात, दोन्ही चालतात, दोन्ही बाजूंचे दाते एका उंचीवर असले म्हणजे झालं. एक बाजू खाली असेल तर कापड टीपभर एकीकडे वळतं. मशीनला लावल्यावर सुई भोकाच्या मधोमध उतरते का ते चाक फिरवून पाहा. काही मशीनांवर सरळ टीप डाव्या बाजूच्या सुईने होते, तिथे आधी मधली सुई निवडा. झिगझॅग मारायचा असेल तर रुंदी फूटच्या भोकाच्या आत राहते याची खात्री करा. बाजूला पुढे-मागे जाणारे नक्षीचे टाके या फूटने मारू नयेत.

देखभाल थोडीच आहे. प्रत्येक वॅडिंगच्या कामानंतर वरच्या दात्यांतला कापूस ब्रशने काढा आणि धातूच्या सांध्यांवर मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकून पुसून घ्या. तेल जास्त झालं तर पुढच्या पांढऱ्या चौकोनावर डाग पडतो.

फक्त एक टोपी करायची असेल तर हा फूट घेऊ नका, साडीचं भरण करा. दर नाताळला चार-सहा टोप्या, टेबलावरच्या रनरी, बाळाची दुपटी, बॅगा असं काम असेल तर घ्या, आणि मशीनच्या कंपनीचा फूट दुप्पट किमतीत मिळत असेल तर आधी साधाच घेऊन पाहा. फक्त जाडजूड फरच्या टोप्या करणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. त्यांनी त्या पैशांत चांगलं फ्लीस आणि ९०/१४ च्या सुयांचं एक पाकीट घ्यावं.